थोरल्याकडचा उतार

टेबल सपाट करणं हा थोरल्याचा धंदा होता. पूल खेळायचं टेबल वरून हिरवं आणि गुळगुळीत दिसतं, पण त्याच्या पोटात दगड असतो. त्या दगडाचे तुकडे एकमेकांना भिडवायचे, सांध्यांत मेण भरून घासायचं, वर कापड ताणून बसवायचं. मग पाणसळ ठेवायची आणि तिच्यातला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मधे येईपर्यंत टेबलाच्या पायांखाली पत्र्याच्या चकत्या सरकवत गुडघे झिजवायचे. शहरातल्या बहुतेक हॉलमधली टेबलं त्यानंच बसवलेली. लोक त्याला फिटर म्हणत. एके काळी तो त्याच टेबलांवर कसा खेळायचा हे आठवणारी माणसं आता थोडीच उरली होती.

धाकटा मात्र सगळ्यांना माहीत होता. हॉलच्या भिंतींवर कप उचललेले त्याचे फोटो होते. त्याला क्यू, म्हणजे खेळायची काठी, कसा धरायचा हे थोरल्यानं शिकवलं होतं. वडिलांच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, अर्धवट बसवलेल्या टेबलावर. पुढे मोठ्या स्पर्धेसाठी दोघांनाही बोलावणं आलं आणि नेमके तेव्हाच वडील अंथरुणाला खिळले. कुणीतरी कारखाना बघायला हवा होता. "दादा, तू बघ ना एवढं, मी खेळून आलोच," असं म्हणून धाकटा गेला. आलाच म्हणा ना! यायचा, पण पाहुण्यासारखा, दारात गाडी चालू ठेवून. नंतर तेही बंद झालं. आईला शेवटी शेवटी धाकट्याला बघायचं होतं, तेव्हा थोरलाच तिला गाडीत घालून त्याच्याकडे घेऊन गेला. साहेबांना सवड नव्हती.

हे सगळं थोरल्यानं गिळलं. घशात अडकून राहिलं ते एकच वाक्य. टीव्हीवर कुणीतरी धाकट्याला विचारलं, तुमचे गुरू कोण? धाकटा गोड हसला आणि म्हणाला, "मला कुणीच शिकवलं नाही. मी बघून बघून शिकलो."

त्यामुळे धाकट्यानं 'यंदाची स्पर्धा माझी शेवटची' असं जाहीर केलं, तेव्हा थोरल्यानं माळ्यावरून क्यू खाली काढला.

"अहो, कंबर बघा तुमची," बायको म्हणाली. "टेबलावर वाकाल ते तिथेच राहाल. मला यावं लागेल सरळ करायला."

"ये की. तेवढीच मॅच बघशील."

ती हसली, पण तिला सगळं कळत होतं. त्याला कप नको होता. सगळ्यांसमोर, स्वतःच्या हातानं धाकट्याला हरवायचं होतं, आणि त्याच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं की मला दादानं शिकवलं. बस्स. माणसानं मागून मागून किती मागावं?

पहिली मॅच एका बँकवाल्याशी होती. थोरल्याचा हात गंजला होता. सोपे बॉल हुकत होते, घामानं क्यू निसटत होता. एक बॉल त्यानं इतका हळू मारला की तो पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थांबला. झालं, असं मनात म्हणून थोरला पलीकडे चॉक घ्यायला गेला. तो त्या पॉकेटच्या मागे पोचला न पोचला, तोच थांबलेला बॉल हलला आणि आत पडला.

"नशीब जोरावर आहे फिटरसाहेबांचं," बँकवाला म्हणाला.

थोरल्यालाही तसंच वाटलं. कापडाची लव असते, तिच्यावर बॉल कधी कधी असा रेंगाळतो. त्यानं कित्येकदा पाहिलं होतं. ती मॅच तो जिंकला, पुढचीही जिंकला, आणि प्रत्येक मॅचमध्ये एखाददुसरा बॉल असाच रेंगाळून पडला.

उपांत्य सामना दातांच्या डॉक्टरीणबाईंशी होता. बाई पक्क्या खेळाडू. हात असा हलका की बॉलला दुखत नसेल. पण त्यांचे हळू मारलेले बॉल शेवटच्या वितीत वळायला लागले. थोरला आपल्या खुर्चीत बसलेला, आणि बॉल वळत होते ते खुर्चीच्या दिशेनं. दोनदा तसं झाल्यावर बाई उकिडव्या बसल्या आणि एक डोळा मिटून टेबलाची कड न्याहाळायला लागल्या.

"टेबल तुमच्या बाजूला झुकलंय, फिटरसाहेब," त्या म्हणाल्या. त्यांनी ते थट्टेनं म्हटलं होतं, पण हसलं कुणीच नाही.

या खेळात एक रीत आहे. टेबलाशी पंच उभा नसतो. बॉलला बाही लागली, हात लागला, तर ज्याची चूक त्यानंच हात वर करायचा. दुसऱ्यानं बघितलं असो वा नसो. धाकट्याला थोरल्यानं क्यू धरायच्याही आधी हेच शिकवलं होतं. आता थोरल्यानं हात वर केला.

स्पर्धेचे पंच म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले पी.टी.चे सर. ते कुरकुरत पाणसळ घेऊन आले. उभी ठेवली, आडवी ठेवली, कोपऱ्यात ठेवली. बुडबुडा दोन रेघांच्या मधे, जागचा हलायला तयार नाही.

"टेबल तुम्हीच बसवलंत आणि तक्रारही तुमचीच?" सर वैतागून म्हणाले. "खेळा आता गप."

थोरला खेळला आणि जिंकला. अंतिम सामन्यात धाकटा होता. जे हवं होतं ते समोर आलं होतं, पण ते त्याच्या हातानं आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात चहा घेत उभा होता. बायकोनं ओट्यावर लिंबू ठेवलं आणि सुरी शोधायला वळली. लिंबू घरंगळत निघालं, ओटाभर आलं आणि थोरल्याच्या बाजूच्या कडेवरून खाली पडलं.

"घ्या! फिटर घरात आणि ओटा वाकडा," बायको म्हणाली. "कधीचं सांगतेय, त्या गवंड्यानं फसवलंय आपल्याला."

थोरल्यानं पिशवीतून पाणसळ आणली. ओटा सपाट होता. त्यानं लिंबू मधे ठेवलं, आणि ते आलं त्याच्याकडे. मग तो ओट्याला वळसा घालून पलीकडच्या टोकाला, खिडकीशी जाऊन उभा राहिला. लिंबू थांबलं, जरा डगमगलं आणि खिडकीच्या दिशेनं यायला लागलं.

बायकोनं ते पाहिलं. तिच्या हातात सुरी तशीच राहिली.

"नका जाऊ आज," ती म्हणाली. "जाऊ दे, मरो तो कप."

"कपासाठी जात नाहीये."

"ते मला माहितीय. म्हणूनच म्हणतेय, नका जाऊ."

तो गेला. मात्र आयुष्यभर ज्याला एकच औषध ठाऊक, तो तेच देणार. हॉलमध्ये कुणी यायच्या आत तो अंतिम सामन्याच्या टेबलाखाली शिरला आणि आपल्या खुर्चीच्या बाजूच्या पायांखाली चकत्या सरकवल्या. ती बाजू उचलली गेली. पाणसळीतला बुडबुडा रेघ ओलांडून त्याच्या खुर्चीकडे जाऊन बसला. आता उतार त्याच्यापासून लांब, धाकट्याच्या खुर्चीकडे होता. स्वतःच्या विरुद्ध टेबल वाकडं करणारा तो जगातला पहिलाच फिटर असेल. चुकीचं आहे हे त्याला कळत होतं, पण त्याच्या हिशेबानं दोन वाकडी मिळून एक सरळ होणार होतं. मग जे काही होईल ते त्याच्या हातानं होईल.

दुपारी हॉल भरला. धाकटा आला तो हात हलवत, ओळखीच्यांच्या पाठी थोपटत. केस रंगवलेले, बोटात अंगठी. थोरल्याजवळ येऊन म्हणाला, "काय दादा, मजा ना? बरं वाटलं तू पुन्हा हातात क्यू घेतलास. वेळ जातो."

"हो. वेळच जात नव्हता माझा," थोरला म्हणाला.

सुरुवातीला चकत्यांनी काम केलं. बॉल सरळ जात होते. धाकटा जिंकत होता, आणि थोरला खुर्चीत बसून खरं तर खूश होता. धाकट्याचा तो सुप्रसिद्ध हलका हात! लोक वाहवा करत होते. मनगट कसं सैल सोडायचं, कोपर कसं शरीराशी ठेवायचं, हे थोरल्यानंच त्याला मागे उभं राहून, हात धरून शिकवलं होतं. तेच मनगट. तेच कोपर.

"कुणीच शिकवलं नाही त्याला," मागच्या रांगेत कुणीतरी शेजाऱ्याला सांगत होतं. "उपजत आहे."

थोरल्याला टीव्हीवरचं ते वाक्य आठवलं, आणि ते गोड हसणंही.

टेबलावर धाकट्यानं मारलेला पांढरा बॉल थांबायला आला होता. तो थांबला नाही. चढावर, सावकाश, थोरल्याच्या खुर्चीकडे यायला लागला. कडेशी आला आणि कुशनला टेकून राहिला.

धाकट्यानं बॉलकडे पाहिलं. मग थोरल्याकडे.

त्यानंतर त्याचा एकही हलका बॉल सरळ गेला नाही. थोरला मात्र ज्या पॉकेटमागे उभा राही, तिथे बॉल स्वतःहून येत. त्याला फक्त क्यू लावल्यासारखं करावं लागत होतं.

हात वर करायला हवा होता. थोरल्याला ते कळत होतं. खुर्चीच्या दांडीवर त्याचा हात होता, तो त्यानं तिथेच दाबून धरला.

मागच्या रांगेतल्या खुर्च्यांचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला. माणसं खाली बघत होती, खुर्च्या मागे ओढत होती. त्या पुन्हा पुढे येत होत्या.

थोरला जिंकला.

टाळ्या पडल्या, पण धाकट्यानं माईक हिसकावून घेतला. "टेबलात खोट आहे! टेबल कुणी बसवलंय विचारा!"

सरांनी सगळ्यांसमोर पाणसळ ठेवली आणि खाली वाकून पाहिलं. "खोट आहे खरी," ते म्हणाले. "पण उतार तुमच्या खुर्चीकडे आहे. फिटर चढावर खेळलाय."

हॉलमध्ये हशा पिकला. मग टाळ्या, मघापेक्षा दुप्पट. धाकट्याचा चेहरा पडला. हात न मिळवता, मान खाली घालून तो निघून गेला. लोक थोरल्याला खांद्यावर घ्यायला धावले. धावताना दोघं-तिघं तोल जाऊन त्याच्या अंगावरच आले.

कप टेबलावरच ठेवून तो बाहेर पडला. त्यात त्याचं काय होतं?

बाहेर रुंद, सपाट रस्ता होता. गाड्या सिग्नलला थांबलेल्या. समोरच्या फुटपाथवर धाकटा दिसला. त्याची गाडी दार उघडं टाकून उभी होती, आणि तो सिग्नलच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून होता.

"दादा!"

"काय?"

"इकडे ये. लवकर."

"तू ये." थोरल्याच्या तोंडून आपसूक निघालं. आजवर तोच जात आला होता. आईला घेऊन तोच गेला होता.

"मला थांबता येत नाहीये, दादा. पाय धरत नाहीत. तू ये!"

रस्ता मोकळा होता. गाड्या अजून थांबलेल्याच होत्या. थोरल्याला वेळ होता.

"दादा, चुकलो मी," धाकटा ओरडला. त्याचा आवाज फाटला. "तू शिकवलंस मला! सगळं तूच शिकवलंस!"

रस्त्यावरच्या लोकांनी वळून पाहिलं. थोरल्यानं ते वाक्य ऐकलं. छातीत इतक्या वर्षांची गाठ सुटल्यासारखं झालं, आणि पाठोपाठ वाटलं की हेही नुसतं घरंगळत आलं असेल का?

म्हणून त्याला ते पुन्हा एकदा ऐकायचं होतं.

तो उभा राहिला.

धाकट्याची बोटं खांबावरून सुटली. त्याचे बूट पाऊल न उचलता फुटपाथच्या कडेपर्यंत आले, कड उतरले, आणि समोर गाड्यांसाठीचा सिग्नल हिरवा झाला.