वाटणीतलं प्रवाळ

"हे मी घेतेय," मी म्हटलं.

"सॉरी, पण... मी मघापासून बघतोय हे," तो म्हणाला.

बघतोय म्हणे! दुकानाच्या काचेतले दागिने मीही बघते, म्हणून ते माझे होतात का?

शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानातली ती गोष्ट. खाऱ्या पाण्याच्या टाकीत एकच मांसल प्रवाळ उरलं होतं. आतून दगड आणि वरून लोडासारखी गुबगुबीत, मऊ कातडी. लाल अंग, हिरवी कड, अंगभर छोटी छोटी तोंडं. माझ्या घरच्या टाकीतलं पाणी स्थिर व्हायची वाट बघत मी वर्ष काढलं होतं, ते याच्याचसाठी. आणि हा उंच, विस्कटलेल्या केसांचा, खिशात स्क्रूड्रायव्हर घेऊन फिरणारा माणूस त्यावर हक्क सांगत होता.

आमचं भांडण ऐकून दुकानदार वैतागला. "अहो, अर्धं अर्धं घ्या की! तोंडं वेगवेगळी आहेत, मधून कापलं तर दोन्ही तुकडे जगतात. फक्त माझी करवत मोडलीय."

माझं नशीब बघा. मी कृत्रिम दात बनवते आणि नेमकं त्या दिवशी माझं कापायचं यंत्र, हिऱ्याच्या चकतीसकट, दुरुस्त होऊन पर्समध्ये होतं. मग काय, तो प्रवाळ धरून उभा आणि मी कापतेय. पाणी दोघांच्या तोंडावर उडतंय.

"हात हलवू नका!"

"तुम्ही हसवू नका."

"मी कुठे हसवतेय?"

"तुम्ही कपाळाला आठी घातलीत ना, की..."

"की काय?"

"काही नाही... कापा."

तुकड्यांची खबर एकमेकांना देत राहा, असं सांगत दुकानदाराने आम्हाला एकमेकांचे नंबर घ्यायला लावले. तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. हा लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळत असायचा आणि तिथून मला फोन करायचा. एकदा माझे हात प्लॅस्टरमध्ये बरबटलेले, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला, तर अख्ख्या लॅबमध्ये आवाज घुमला, "डॉक्टर, तुमचं फुगलं का?"

सगळ्यांची यंत्रं थांबली. मी लाजेने अर्धी झाले.

"मी डॉक्टर नाही! आणि हो, फुगलंय, छान फुगलंय! तुमचं?"

"माझं... रुसलंय."

रुसेल नाही तर काय! या प्रवाळाला मंद पाणी, मध्यम उजेड आणि मुख्य म्हणजे निवांतपणा लागतो. एकदा वाळूवर ठेवलं की हात लावायचा नाही. आणि या माणसाचा हात एक क्षण स्वस्थ बसेल तर शपथ. आज उजेडाजवळ, उद्या खाली, परवा पंपासमोर.

"लिफ्ट नाहीये ती, रोज वरखाली करायला!" मी ओरडले.

"पण थोडं डावीकडे सरकवलं तर..."

मी फोन आपटला.

मग एका संध्याकाळी बेल वाजली. दारात हा, हातात आइस्क्रीमचा डबा. तोंड एवढंसं झालेलं. डब्यात त्याचा तुकडा होता. मांस मागे सरकून कडेचा पांढरा सांगाडा उघडा पडला होता.

"वाचव ना," तो म्हणाला. 'वाचवा' नाही, 'वाचव'. मला खरं तर त्याचे कान उपटायचे होते. पण त्याचे डोळे बघितले आणि मी गुपचूप डबा घेतला.

"दगड आजारी पडतो?" माझ्या मागून आईने विचारलं. मग तिने त्याला आत बोलावून चहा दिला. मला विचारलंसुद्धा नाही.

त्याचा तुकडा मी माझ्या टाकीत एका कोपऱ्यात, माझ्या तुकड्यापासून वीतभर लांब ठेवला. अंधार पडला की ही प्रवाळं बारीक सोंडा बाहेर काढतात आणि शेजाऱ्याला डसतात. अट एकच घातली, हात लावायचा नाही. तो दर रविवारी यायला लागला. नुसता बघायला म्हणे.

बघतोय कसला! खायला घालताना टाकीतली कोळंबी प्रवाळाच्या तोंडातला घास पळवायची, म्हणून त्याने बाटली कापून एक झाकण बनवलं. तो झाकण धरायचा आणि मी त्याच्या भोकातून ड्रॉपरने खाणं सोडायची. दोघांची डोकी निळ्या उजेडात जवळजवळ टेकलेली.

"श्वास का रोखलायस?" मी विचारलं.

"पाणी हलू नये म्हणून."

"श्वासाने पाणी हलत नाही."

"मग... दुसरं काहीतरी असेल."

माझ्या हातून ड्रॉपर पाण्यात पडला. दोष अर्थातच मी त्याला दिला.

आणि तो गेला की दर वेळी त्याचा तुकडा माझ्या तुकड्याकडे बोटभर सरकलेला असायचा! मी तो मागे ढकलायची. पुढच्या रविवारी परत तेच.

"डसतील एकमेकांना!"

"एकाच अंगाचे आहेत. नाही डसणार."

"डसले तर?"

"तर मी तुझं ऐकेन. आयुष्यभर."

माझे कान तापले. त्या रविवारी मी तुकडा मागे ढकलला नाही. कंटाळा आला म्हणून, असं मी आईला सांगितलं. आईने विचारलं नव्हतं.

ते डसले नाहीत. हळूहळू पांढऱ्या कडेवर मांस परत चढलं, दोन्ही तुकडे फुगले, कडेला कड लागून चिकटली. माझं चिडणं चालूच होतं, पण रविवारी सकाळपासून मी तीन-तीनदा केस विंचरतेय, हे माझ्याच लक्षात आलं. स्वतःचाही राग आला.

मग तो भलत्याच दिवशी आला. हसला नाही. चहाही नको म्हणाला.

"दुसऱ्या शहरात बोलावलंय. मोठं काम आहे. उद्या उत्तर द्यायचंय."

"अरे वा. अभिनंदन."

"माझा तुकडा..." तो टाकीकडे बघत म्हणाला, "कापून देशील?"

असा राग आला मला! इतके रविवार माझ्या घरात बसला, माझ्या आईला काकू काकू करून आपलंसं केलं आणि आता वाटणी मागतोय! मी तरातरा जाऊन यंत्र आणलं, चष्मा चढवला. त्याने प्रवाळ उचलून टाकीतल्याच पाण्याने भरलेल्या भांड्यात धरलं, पहिल्या दिवसासारखंच. मी बटण दाबलं. चकती फिरायला लागली.

आणि मला रेघ सापडेना. माझ्याच हाताने कापलं होतं मी. पण लाल मांस या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. त्याचं कुठे संपतं, माझं कुठे सुरू होतं, काही म्हणता काही कळेना.

"कुठून कापू?"

"तू सांग."

मी यंत्र बंद केलं.

"चकती बोथट झालीये."

त्याने टेबलाकडे बघितलं. "ते नवीन पाकीट आहे ना?"

"त्यातल्याही बोथट आहेत."

"सीलबंद आहे ते."

"सीलबंदच बोथट आल्यात!"

स्वयंपाकघरात आई खोकली. माझे डोळे भरून आले होते आणि चष्मा आतून धूसर झाला होता.

"मग मी जाऊ कसा?" त्याने हळूच विचारलं.

"जाऊ नकोस ना! तू गेलास तर... मी भांडू कुणाशी? मला तू हवा आहेस. कळतं का तुला काही?"

आता तो हसला. अगदी डोळ्यांतून. "नाही जात. लिफ्ट इथेही बंद पडतात."

"म्हणजे? माझी परीक्षा घेत होतास?"

"नाही गं. तू खुशाल कापून दिलं असतंस, तर गेलो असतो. सरळ विचारायचा... धीर होत नव्हता."

"आधी ते टाकीत ठेव! कधीचं हातात धरून बसलायस!"

त्याने ते अलगद वाळूवर ठेवलं. क्षणभर थांबला. "थोडं डावीकडे..."

"हात बाहेर काढ!"

त्याने काढला आणि तसाच माझ्या हातात दिला. गार, ओला, मिठाने चिकट झालेला. पुसूनसुद्धा नाही दिला बावळटाने. मी तो धरून ठेवला.