तीन बोटांची फट

मी गाडीखाली होते, म्हणून मला आधी त्याचे फक्त बूट दिसले. काळे बूट आणि त्यांवर पांढरा मैदा.

"दादा, जरा बाहेर येता का?"

मी सरकत बाहेर आले. माझी वेणी, गालावरचं ग्रीस आणि कपाळावरची आठी बघून बूटवाला दोन पावलं मागे सरला.

"दादा नाहीये," मी म्हणाले. "ताई चालेल?"

"ताई नको!" तो घाईघाईने म्हणाला. "म्हणजे... तुम्ही हव्यात. म्हणजे, कामासाठी—"

"काम सांगा."

तो कोपऱ्यावरच्या बेकरीचा मालक. नुकतीच गाडी घेतली होती आणि ती त्याला जमिनीलगत करून हवी होती. बाबांनी त्याच सकाळी मला पहिल्यांदा गॅरेजमध्ये एकटीने काम करायची परवानगी दिली होती. अट एकच, गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलं की मी परत बिलाच्या टेबलावर. त्या टेबलाचा मला मनापासून तिटकारा होता.

"किती खाली घ्यायची?"

"चाक आणि वरचं मडगार्ड यांच्यात तीन बोटं फट राहू दे. रुबाबदार दिसली पाहिजे."

"पाव रुबाबात पोचवायचेत का?"

"पाव नाही... मी."

गिऱ्हाइकासमोर हसायचं नाही असं मी ठरवलं होतं. माझं ठरवलेलं कधी टिकलंय म्हणा!

मी स्प्रिंगखालची चकती फिरवत गेले, गाडी खाली येत गेली, आणि हा शेजारी उकिडवा बसून भलतेच प्रश्न विचारत राहिला. मला केक आवडतो का? गोड की जास्त गोड? शेवटी मी फटीत तीन बोटं घातली. अगदी बरोबर बसली. निघताना त्याने वळून पाहिलं... आणि मीही बघत होते हे त्याला दिसलं. मेले मी!

दोन-तीन दिवसांनी ती गाडी दिसायच्या आधी ऐकू आली. फाटकातल्या गतिरोधकावर पोट घासत ती आत शिरली. त्याच्या शेजारी त्याची आई बसली होती. बाबा टेबलामागून उठले.

"काय झालं?"

संपलं, मी मनात म्हटलं. आता जन्मभर बिलं फाडा.

"काही नाही," तो म्हणाला. "सहज आलो होतो."

"सहज?" आतून त्याची आई कडाडली. "वाटेतला एकेक गतिरोधक माझ्या मणक्यातून गेलाय! आणि मला इथून उठता येत नाहीये!"

"चूक माझीच आहे," तो बाबांना म्हणाला. "तीन बोटं मीच सांगितली होती."

मी मागच्या चाकापाशी बसून फटीत बोटं घातली. तीन, बरोबर. मग त्याने घातली. दोन गेली, तिसरं बाहेरच अडकलं.

पीठ मळून मळून त्याची बोटं चांगली जाडजूड झालेली, आणि माझी ही अशी काडीसारखी. त्याने त्याची तीन सांगितली होती, मी माझी तीन मोजली होती. आम्ही पंजाला पंजा लावून बघितला... आणि हात मागे घ्यायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

"बाबा, चूक माझी आहे." त्याने माझ्यासाठी खोटं बोलावं आणि मी गप्प बसावं, हे मला जमणारं नव्हतं. "टेप हाताशी होता, तरी मी बोटांनी मोजलं."

"नाही हो, माझीच—"

"तुम्ही मध्ये बोलू नका!"

"गाडी माझी, बोटं माझी, मी का नाही बोलायचं?"

"तुमच्यापैकी कुणीतरी एकाने घ्या ती चूक," बाबा वैतागले. "आणि आधी हात सोडा!"

सोडले. त्याचा मैदा माझ्या हाताला, माझं ग्रीस त्याच्या.

"भांडून झालं असेल तर मला बाहेर काढता का?" आतून आवाज आला.

तिघांनी मिळून काढलं. मग बाबांनी टेप माझ्यापुढे धरला. "तक्रार आली हे खरं. पण चूक लपवली असतीस, तर टेबलावर बसवलं असतं. घे, गाडी वर कर."

मला चक्क रडू आलं. टेप घेतला, पण त्यावरचे आकडे काही दिसेनात.

"या वेळी रिकामी गाडी मोजायची नाही," मी नाक पुसत म्हणाले. "रोज जे बसतात त्यांना बसवून उंची ठरवायची. तुमच्या शेजारी कोण बसतं?"

"आई."

"मी आता मागे बसणार," आई म्हणाली. "पुढची सीट कुणाला द्यायची ते तूच बघ."

"म्हणजे शेजारी... कुणीच नाही?" मी विचारलं.

त्याचे कान लालबुंद झाले. "कुणीच नाही असं नकोय मला. रोज मुद्दाम या रस्त्याने जातो मी, गाडी घासत का होईना. तुम्ही मला आवडता. फार आवडता. आता... शेजारच्या सीटचं वजन किती धरायचं, तेवढं सांगा."

बाबा उगाचच खोकले.

"वजन मी सांगणार नाही," मी म्हणाले. टेप बाबांच्या हातात दिला, दार उघडलं आणि त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. "मोजा."