अंगावरचं नाव

निघताना सिवुराक स्टोव्हची पिन घरीच विसरला होता, हे उलायुकला मागाहून कळलं. आधी कळलं ते वेगळंच. वाटेसाठी बांधून दिलेलं सुकं मांस त्यानं वस्तीचं शेवटचं घर मागे पडायच्या आतच अर्धं संपवलं होतं.

"थंडीत पोट भरलेलं असावं, दाजी," सिवुराक म्हणाला. तोंड अजून चालूच होतं.

उलायुकनं घसरगाडीची दोरी पुन्हा आवळली. या मेहुण्याला आजवर कुणी काही बोललं नव्हतं, तर तो एकटा बोलून काय होणार? सिवुराक जन्मला त्याच हिवाळ्यात उलायुकची आजी वारली आणि तिचं नाव या पोराला मिळालं. नावाबरोबर नातंही येतं. त्या दिवसापासून उलायुकची आई कुपाक त्याला 'सासूबाई' म्हणते. ढेरी सावरत ही सासूबाई दारात आली की म्हातारी उठून जागा देते आणि पाठीच्या चरबीचा जाडसर तुकडा आधी तिच्यापुढे सरकवते. खऱ्या सासूनं जिवंतपणी कुपाकला कधी धड बसू दिलं नाही, म्हणे. उरलेला सासुरवास आता सिवुराक खाऊन वसूल करत होता, आणि वस्तीत कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

वावगं वाटत होतं ते दुसरंच. उलायुकच्या स्वतःच्या पोराला अजून नाव नव्हतं.

ऐन हिवाळ्यात जन्मलेला मुलगा. जन्मल्यापासून रडत होता. अंगावर प्यायला घेतलं की दोन घोट घेई आणि तोंड फिरवून किंचाळायला लागे. वजन वाढायचं सोडून उतरत चाललं होतं. दवाखान्यातल्या नर्सबाईंचं तपासून झालं, दोष काही सापडला नाही. त्यांच्या कागदावर नावाच्या जागी नुसतं 'बाळ' होतं. वस्तीला मात्र कारण ठाऊक होतं: पोर नावासाठी रडतंय. म्हाताऱ्यांनी इकडच्या तिकडच्या गेलेल्या माणसांची नावं कानात सांगून पाहिली, तर ते काळंनिळं होईस्तोवर ओरडलं. त्याला हवं होतं ते नाव सगळ्यांना माहीत होतं. अनौताक, उलायुकचा थोरला भाऊ. शरद ऋतूत कॅरिबू हरणांच्या मागे गेला तो परतला नाही. लांब तळ्याच्या वळणावर त्याचं बर्फावर धावणारं मशीन सापडलं, किल्ली जागच्या जागी, टाकीत पेट्रोल. तो तेवढा नव्हता.

सगळे तयार होते. अडून बसली होती एकटी कुपाक.

"नाव त्याच्या अंगावर आहे अजून," ती म्हणायची. "गेला असता तर मला कळलं असतं. बाहेर थंडीत फिरणाऱ्या माणसाच्या अंगावरचा कोट ओढून घ्यायचा का मी?"

मग तो कोट पोराच्या अंगावर चढेपर्यंत पोर राहणार का, असं उलायुकनं एकदा विचारलं होतं. त्यावर म्हातारीनं त्याला चहा द्यायचं बंद केलं. शेवटी निवियाकच, त्याची बायको, एका सकाळी रडणारं पोर खांद्यावर थोपटत म्हणाली, "भाऊजींचं काहीतरी शोधून आण. हाड आण, बटण आण. आईंना पटेल असं काहीही. मला आता हे ऐकवत नाही."

म्हणून हा प्रवास. एप्रिलमध्ये कॅरिबूचे कळप त्याच वळणावरून उत्तरेला चढतात. मांसही होईल, शोधही होईल.

आणि खरं सांगायचं तर, उलायुकला दादाचा रागच यायचा. आताच नव्हे, पहिल्यापासून. कळपाच्या मागे पोटावर सरपटत जायचं उलायुकनं, वारा बघायचा त्यानं, श्वास धरून थांबायचं त्यानं. आणि तो नेम धरतोय तोवर दादाची गोळी सुटलेली असायची. नेहमी कानाच्या खाली. बाकीचा कळप पार क्षितिजापलीकडे. मग दादा शांतपणे जाऊन पडलेल्या जनावराची जीभ तेवढी कापून खिशात टाकायचा आणि संध्याकाळी आईसमोर काढून ठेवायचा. सोलणं, तोडणं, वाहून आणणं उलायुककडे. कौतुक कुणाचं, तर जीभ आणणाऱ्याचं.

वळणावर पोचले तेव्हा ऊन इतकं लख्ख होतं की डोळे मिटले तरी आत पांढरंच दिसे. वाऱ्यानं कोरलेल्या बर्फाच्या वळ्या तळ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत गेल्या होत्या. तंबू उभा राहिला. पिन नसल्यानं स्टोव्ह पेटता पेटेना. उलायुकनं मेहुण्याचा उद्धार करायला तोंड उघडलं, तेवढ्यात वाऱ्यावरून तो बारीक आवाज आला. कॅरिबू चालताना त्यांच्या पायांच्या शिरा टकटक वाजतात. कळप जवळच होता.

टेकाडाआड पोटावर पडून उलायुकनं बंदूक पुढे घेतली. पुढच्या माद्यांना जाऊ दिलं. वाट दाखवणाऱ्याला मारत नाहीत. मागची एक धष्टपुष्ट मादी निवडली. श्वास सोडला.

उजवीकडून गोळी सुटली. कळप उधळला आणि बर्फाच्या धुरळ्यात दिसेनासा झाला.

"कोण गाढव आहे तिकडे?" उलायुक उठून ओरडला. टेकाडावर चढून पाहिलं, तर पलीकडे नुसतं पांढरं. माणूस नाही, कुत्रं नाही, मशीनचा माग नाही.

"पलीकडच्या वस्तीचे असतील," सिवुराक म्हणाला.

"मशीनचा आवाज आला का तुला?"

"चालत आले असतील."

"एवढ्या लांबून? माझा घास काढून घ्यायला?"

यावर सिवुराकनं खांदे उडवले. घास हा त्याचा विषय असूनही.

दुसरा कळप आला तेव्हा उलायुकनं उजवीकडे सिवुराकलाच बसवलं, म्हणजे तिकडून कुणी यायला नको. तरीही गोळी सुटली. या वेळी एक नर गुडघ्यांवर बसला आणि कुशीवर कलंडला. सिवुराकची बंदूक त्याच्या मांडीवर आडवी, थंड. उलायुकनं नळीला हात लावून पाहिला.

दुसऱ्याचं जनावर म्हणून ते थांबले. मारणारा येईल, ओळख होईल, चार शब्द सुनावता येतील. उलायुकनं शब्द तयारही करून ठेवले. ऊन हळूहळू सरकलं, कुणी आलं नाही. शेवटी वैतागून ते जनावरापाशी गेले. गोळी कानाच्या खाली लागली होती.

सिवुराकनं ती जागा पाहिली आणि दिवसभरात पहिल्यांदा गप्प झाला. उलायुकला त्याचाच जास्त राग आला.

"पुष्कळ जण मारतात कानाखाली," तो म्हणाला.

"मी कुठे काही बोललो, दाजी?"

सुरी गाडीवर राहिली होती. ती घेऊन उलायुक वळला, तर नराचं तोंड उघडं होतं. जीभ मुळापासून कापलेली. छेद स्वच्छ, वाफ निघत असलेला. सिवुराक पाठ करून लघवीला उभा होता, हातमोजे कमरेच्या दोरीला लोंबत होते. भोवतीच्या मऊ बर्फात दोघांच्याच पावलांचे ठसे होते.

"जीभ कुठाय?"

"कुठली जीभ?"

"सासूबाईंनी खाल्ली का?"

सिवुराकनं मागे वळून पाहिलं आणि पाहतच राहिला. मग हळू म्हणाला, "मी खातो, दाजी. नाही म्हणत नाही. पण कच्ची? एवढ्यात?"

ते मांस त्यांनी घेतलं नाही. बर्फानं झाकून वर शिंग रोवून ठेवलं, ज्याचं त्यानं येऊन न्यावं म्हणून.

तिसरा कळप मोठा होता. उलायुक एकटाच पुढे गेला. नेम धरला आणि चाप ओढायच्या ऐवजी वाट पाहत राहिला. मनात म्हणाला, सोड. सोड एकदाची.

गोळी सुटली.

तो उठून उभाच राहिला. लपण्यात आता काही अर्थ नव्हता. इतक्या महिन्यांची मोडलेली झोप, आईचा हट्ट, ते किंचाळणं, सगळं एकदम बाहेर आलं. भावाशी घरात भांडावं तसा तो त्या मोकळ्या तळ्याशी भांडू लागला.

"बास कर आता, दादा. कॅरिबू घे, जिभा घे, सगळं कौतुक तूच घे. आयुष्यभर घेतलंस, मी कधी हिशेब मागितला नाही. पण तिकडे माझं पोर मरतंय. तू ते नाव अंगावर घेऊन इथं उंडारत बसलायस आणि आई तुझीच बाजू घेते. सोड ते नाव. नावाशिवाय थंडी वाजते का तुला? मग माझं घे. घे, दिलं. पण माझ्या पोराला गप्प कर."

वारा पडला.

गोळीनं उधळलेला कळप थांबला होता. सगळी जनावरं वळून पाहत होती. त्याच्याकडे नाही. त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, साधारण माणसाच्या उंचीला.

त्यानं तिकडे मान वळवली नाही.

खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं एकदम हलकं वाटलं, आणि मग गारठा. त्यानं चाचपून पाहिलं. कोट अंगावर होता. गुंड्या लावलेल्या होत्या.

मग त्यानं गोळ्या झाडल्या. जनावरं पळाली नाहीत. एक पडलं की दुसरं तिथंच उभं राही. गाडीत मावतील तेवढी झाल्यावर तो थांबला, आणि राहिलेली सावकाश चालत त्याच्या अगदी जवळून गेली.

संध्याकाळी ऊन तंबूच्या कापडातून पिवळं झिरपत होतं. पिनेऐवजी बारीक तार वापरून सिवुराकनं स्टोव्ह कसाबसा पेटवला होता आणि तो चहाच्या मागे लागला होता. उलायुकनं वायरलेसची पेटी उघडली. सकाळी तिच्याभोवती आवळलेली दोरी तोवर तशीच होती. तार ताणली, बटण दाबलं. खरखर झाली आणि निवियाकचा आवाज आला. कित्येक दिवसांत तो आवाज असा मोकळा नव्हता.

"बाळ कसं आहे?" त्यानं विचारलं.

"झोपलंय!" ती म्हणाली. "पोटभर प्यालं आणि झोपलं. नाव मिळालं ना त्याला. दुपारी निरोप आला आणि आईंनी लगेच कानात सांगितलं."

"कसला निरोप?"

"वायरलेसवरच. उलायुक बोलला. म्हणाला, मी माझं नाव सोडलंय, ते बाळाला द्या. आईंनी दोनदा विचारून घेतलं. एक नाव दोन अंगांवर राहत नाही ना." ती जरा हसली. "आता आई त्याला 'माझा लेक' म्हणतात. आणि माझी पंचाईत बघा, नवऱ्यालाच मांडीवर घेऊन बसायचं."

"निवियाक, मी निरोप दिला नाही. पेटी उघडलीच नव्हती."

"तुम्ही नाही हो. त्यानं दिला."

तिनं त्याला उभ्या जन्मात 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. खरखर वाढली, पुन्हा कमी झाली.

"भाऊजी, तुम्हीच ना?" ती म्हणाली. "आवाजावरून ओळखलं मी. थांबा, आईंना देते."

उलायुकनं सिवुराककडे पाहिलं. तो भाकरीला चरबी लावत होता.

"अनौताक," आईचा आवाज आला. ओला, थकलेला. "मी सांगत होते सगळ्यांना. कुणी ऐकेना माझं. कुठे होतास रे?"

"आई, मी उलायुक."

तिकडे, आईच्या मागे कुठेतरी, पोर किंचाळलं.

"काय म्हणालास? ऐकू आलं नाही. उठलं बघ ते."

"उलायुक. आई, मी उलायुक बोलतोय."

किंचाळणं वाढलं. तेच, श्वास अडकेपर्यंत चढत जाणारं. निवियाक त्याला थोपटत होती, तिचं 'नाही नाही नाही' पुसटसं ऐकू येत होतं. उलायुकनं तोंड मिटलं.

रडणं ओसरलं. हुंदका आला, मग चुटुक चुटुक पिण्याचा आवाज.

त्यानं ओठ पुन्हा उघडले. नुसते उघडले. पिण्याचा आवाज थांबला. तिकडचं घर जणू कान देऊन होतं.

"अनौताक?" आई म्हणाली. "आहेस ना?"

वायरलेसचं बटण बोटाखाली बर्फासारखं लागत होतं.

"हो, आई," तो म्हणाला. "अनौताकच."

पोर पुन्हा पिऊ लागलं. आई काहीबाही बोलत राहिली, घरी ये, वाट पाहते, चरबी राखून ठेवलीय. मग खरखरीत सगळंच बुडालं. त्यानं पेटी मिटली.

सिवुराकनं चहाचा पेला त्याच्यापुढे सरकवला. जपून, दोन्ही हातांनी, पुष्कळ दिवसांनी भेटलेल्या थोरल्या माणसाला देतात तसा.

"घ्या, अनौताकदादा," तो म्हणाला. मग तंबूच्या दाराकडे बघून वैतागला. "हे दाजी कुठे राहिले? चहा गार होतोय त्यांचा."

बाहेर घसरगाडीच्या लाकडावर कुणीतरी बुटांचं बर्फ झटकलं. आधी एक पाय, मग दुसरा.

"आले एकदाचे," सिवुराक म्हणाला, आणि बसायला जागा करून दिली.