मास्तरांच्या शर्टाची बटणं

तो पहिल्यांदा आला तो झिजलेली कॉलर उलटवून घ्यायला, आणि आल्या आल्या माझ्या भाचीची चूक काढून मोकळा झाला. याला आगाऊपणा म्हणतात.

माझं कपडे दुरुस्तीचं दुकान. भाची मशीनवर बसून पुटपुटत होती, "द टेलर कट द क्लॉथ... द क्लॉथ इज कट..." शिवणकामाच्या परीक्षेला म्हणे इंग्रजीचा पेपर! सुईला इंग्रजी कळतं का? पण तो पेपर सुटल्याशिवाय सर्टिफिकेट नाही.

"वॉज कट," तो काउंटरवरून म्हणाला. "कापून झालंय ना आधीच..."

"गिऱ्हाईक आहेस की परीक्षक?" मी विचारलं.

भाचीने मान वर केली. त्याच्याकडे पाहिलं... आणि मशीन थांबलं. माझ्या दुकानात मशीन असं उगाच थांबत नाही.

तो शेजारच्या क्लासमध्ये इंग्रजी शिकवायचा. मग काय, रोज संध्याकाळी काउंटरपाशी स्टूल ओढून तिच्याकडून वाक्यं उलटीपालटी करून घ्यायला लागला. मला ही विद्या कधीच पटली नाही. 'आत्याने सदरा शिवला', चांगलं सरळ वाक्य. त्याचं करायचं 'सदरा आत्याकडून शिवला गेला'. आणि वर म्हणे, आत्या गाळली तरी चालते!

"गाळली? डोळे माझे गेले, कंबर माझी मोडली, आणि वाक्यातून मलाच हाकलता?"

"आत्या, करणारा कोण हे महत्त्वाचं नसेल तर—"

"मी तुझी आत्या कधी झाले रे?"

भाची दातांनी दोरा तोडत हसली. "मास्तर, हे करा बरं. 'मास्तर मुलीकडे बघतात.'"

त्याचे कान लाल. "मुलीकडे... मास्तरांकडून... बघितलं जातं."

"रोज?"

"रोज... तो शब्द शेवटी आला तरी चालतो."

"शेवटी का होईना, आला!" म्हणाली आणि खाडकन मशीन सुरू केलं. मी कात्री आपटली. दोघांना ऐकू गेली असेल तर शपथ.

कॉलर झाली, मग सुरू झाली बटणं. आज या शर्टाचं पडलं, परवा त्या शर्टाचं. भाचीने लावायचं, आठवड्यात त्याने पुन्हा घेऊन यायचं. माझ्या दुकानातलं बटण! खाली दोऱ्याचे वेढे देऊन देठ केल्याशिवाय मी बटण बाहेर जाऊ देत नाही. शर्ट विरेल, बटण हलणार नाही. आणि समोरचा लाँड्रीवाला भर रस्त्यात मला विचारतो, "काय ताई, दोरा कच्चा घेता का हल्ली?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लक्ष सगळं त्या स्टुलावर!" मी भाचीला झाडली. "ऊठ मशीनवरून. आत जाऊन इस्त्री कर. शिकवणी बंद!" मशीन म्हणजे तिचा जीव. पण पोरीने वाद न घालता मशीनवर कापड टाकलं. उठली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी हा पुन्हा हजर. नजर माझ्या खांद्यावरून आत. "बटण... निघालंय."

मी शर्ट उजेडात धरला. झिजून तुटलेल्या दोऱ्याची टोकं पिंजतात, कापसासारखी होतात. ही टोकं सरळ, गुळगुळीत. शेजारी कापडालाही बारीकशी चीर. ब्लेड!

"कसं निघालं?"

"ते... काढलं गेलं असावं."

"कोणी काढलं?"

तो काउंटरवरच्या टाचण्या मोजायला लागला.

"बोल की! माझ्या पोरीने तुझ्यापायी बोलणी खाल्ली, मशीन सोडलं, आणि तू वाक्याच्या आड लपतोस?"

"मशीन सोडलं? माझ्यामुळे?" त्याचा चेहरा उतरला. "आत्या, मी कापलं. सगळी मीच कापली. परीक्षा झाली की शिकवणी संपणार... इथे यायला काहीतरी निमित्त हवं होतं. सांगणारच होतो, पण तुम्ही परवानगी दिली असती तर..."

"आत्याबाईला मिशा असत्या तर! माझ्या कामाला बट्टा लावलास तो लावलासच, वर परवानगी?"

"मला माहीत होतं." आतून भाची आली. घामाने केस कपाळाला चिकटलेले.

"काय माहीत होतं?"

"पहिल्याच बटणाला कळलं. कापलेला दोरा ओळखायला तूच शिकवलंस ना?"

"मग तोंड शिवलं होतं का तुझं?"

"बोलले असते तर..." ती माझ्याशी बोलत होती, बघत होती त्याच्याकडे, "...हे आले नसते."

एक मूर्ख असता तर चाललं असतं. इथे जोडी होती!

"आत्या," तो घसा खाकरून म्हणाला, "मला हिच्याशी लग्न—"

"मला काय सांगतोस? मी बसणारेय का बोहल्यावर? तिला विचार!"

त्याने विचारलं. काय पुटपुटला देव जाणे.

"आधी रस्ता ओलांडा," भाची म्हणाली. "लाँड्रीवाल्याला सांगा बटणं कोणी कापली. मोठ्याने. मग माझं उत्तर."

गेला. भर गर्दीत उभा राहून ओरडला, "बटणं मी कापली! दोरा पक्का होता! तिला भेटायला यायचं होतं म्हणून कापली!" लाँड्रीवाल्याचा आ वासलेला तसाच राहिला. बरं झालं मेल्याला.

वळून पाहते तर भाची मला न विचारता मशीनवर बसलेली. त्याच्याच शर्टाचं बटण लावायला सुई हातात घेतलेली, हसत होती आणि डोळे पुसत होती. भरल्या डोळ्यांनी कुणाला सुईत दोरा ओवता येतो का? सुई हिसकावून घेतली, आणि ओवून दिला मी.