चौथा ठोका

बसा. दार मात्र उघडंच राहू द्या. रात्री या सरावाच्या खोलीचं दार मी लावू देत नाही.

आपला गायक तुम्हाला ठाऊक आहे. सत्तावीस वर्षं एकच बँड, आणि तेवढीच वर्षं मी त्याच्या आवाजाची बटणं सांभाळली. गेल्या वर्षी स्वारी आत्मचरित्र लिहायला बसली. त्यात आमच्या ड्रमरबद्दल, ठोक्याबद्दल, एकच ओळ होती, 'तो स्वतःहून सोडून गेला.'

धादांत खोटं! दहा वर्षांपूर्वी, मोठ्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री, गायकाने याच दाराचं कुलूप बदलायला लावलं. ठोक्या काठ्या मांडीवर घेऊन उजाडेपर्यंत पायरीवर बसून होता. पुन्हा कुठे वाजवलं नाही त्याने. दोन वर्षांपूर्वी गेला बिचारा.

पुस्तकातली ती ओळ कानावर गेली तशी त्याच्या बायकोने गायकाला फोन केला. "भावजी, एवढी एक ओळ खरी लिहा. पोरगी अजून विचारते, बाबांनी का सोडलं."

"वहिनी, पुस्तक माझं आहे!" म्हणून याने फोन ठेवून दिला. आठवलं की अजून डोकं फिरतं माझं.

पुढचं त्यानेच मला नंतर सांगितलं. चौदा तारीख, गुरुवार. रात्री सव्वाअकराला तो मुखपृष्ठासाठी जुना फोटो न्यायला इथे आला. कुलूप काढून बाहेर कडीलाच अडकवलं. कपाट उपसता उपसता तणतणत होता. फोटो सापडला, तर मधोमध ठोक्या.

"मेलास तरी मध्येच कडमडतोस!" म्हणत त्याने तेवढा भाग टराटरा फाडला.

कोपऱ्यात आवाज झाला. टक.

तुम्ही पोरं चार मोजून सुरू करता. ठोक्या काठीवर काठी तीनदाच मारायचा. चौथा ठोका ज्याने त्याने मनात मोजायचा, आणि लगेच गायकाने तोंड उघडायचं. सतरा वर्षांची सवय.

टक.

ड्रमवर चादर होती. हलत नव्हती.

टक.

मग... काही नाही.

आणि याचं तोंड उघडलं. आपोआप. गाणं नाही आलं...

"कुलूप मी बदललं."

दार आपटलं. बाहेर कडी वाजली.

टक. टक. टक...

"कुलूप मी बदललं."

रात्रभर.

पहाटे पाचला त्याचा मला फोन. घसा पार बसलेला. धावत आलो, तर माझी किल्ली लागेना. वाकून कुलूप बघितलं... आणि मुकाट्याने ठोक्याच्या घरी गेलो. वहिनींनी त्याची जुनी किल्ली जपून ठेवली होती. पहिल्याच फेऱ्यात उघडलं.

पुस्तकात ती ओळ आता खरी आहे. पोरीने ती आईला मोठ्याने वाचून दाखवली म्हणे.

पण ते कुलूप बघा, तिकडे खिळ्याला टांगलंय. आमचं नवं कुलूप कुठे गेलं, कोण जाणे. हे जुनं आहे. दहा वर्षांपूर्वी, ठोक्या पायरीवर बसला त्या रात्री, गायकाच्या सांगण्यावरून ते पुलावरून नाल्यात फेकलं होतं...

मी. याच हाताने.