दोन दारांच्या मधली

भाची दवाखान्यातून घरी येईपर्यंत मी एकही खोडी न काढता राहूच शकणार नाही, अशी पैज शेजारच्या शिंप्याने माझ्याशी लावली. हरलो तर त्याने शिवलेला झालरीचा गाऊन घालून गल्लीभर फिरायचं. मी म्हटलं, शिव तू गाऊन, तूच घालशील.

चिमुरड्या भाचीला नुकत्याच स्टेम सेल दिल्या होत्या. जुनं रक्त मोडीत, नवं अजून तयार नाही. आपल्याला सर्दी झाली की रुमाल भिजतो, तिच्या जिवावर बेतलं असतं. म्हणून खोलीला दोन दारं. बाहेरचं बंद झाल्याशिवाय आतलं उघडत नाही. मी काचेबाहेरून फोनवर गप्पा मारायचो.

एका दुपारी ती म्हणाली, "मामा, दोन दारांच्या मध्ये ती कोण आहे?"

मध्ये फक्त बेसिन होतं. म्हटलं, पोरगी माझ्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझ्याएवढीच आहे, म्हणाली, सारखी नाक पुसते. सांगताना भाची हसत नव्हती. हसवायला गेलो तर माझ्याकडे बघतही नव्हती.

तेवढ्यात नर्सबाई औषध घेऊन आल्या. मास्क, हातमोजे, सगळं चोख. मधल्या जागेत शिरल्या. तेव्हा आतल्या दाराची काच धुरकटली.

बाईंच्या कमरेच्याही खाली.

वाफ विरली. पुन्हा आली. श्वासासारखी.

मी बंद होत आलेल्या बाहेरच्या दारात पाय घातला.

बाई म्हणाल्या, "मामा, पाय काढा."

फोनमध्ये भाची हळूच म्हणाली, "नको काढूस."

नाही काढला. डॉक्टर आले, मला झापलं, आणि नियम म्हणून आम्हा दोघांच्या नाकातला नमुना घेतला. माझा स्वच्छ. बाईंना ना शिंक ना ताप, तरी विषाणू सापडला. भाची वाचली.

ती ठणठणीत होऊन घरी आली, तसा शिंपी गाऊन घेऊन हजर. दवाखान्यात दार अडवलंस, म्हणाला, याहून मोठी खोडी कोणती? ताईनेही त्याचीच बाजू घेतली. घातला मग. मुद्दाम वीतभर लांब शिवला होता मेल्याने. गल्लीत पाइप फुटून घोटाभर पाणी, त्यातून मी ठुमकत निघालो. शिट्ट्या, टाळ्या. भाची खिडकीतून पोट धरून हसत होती.

शेवटी शिंपी घेर बघायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला. मीही बघितलं.

घेर कोरडा होता. मागे दोन जागी तेवढा चुरगळलेला, लहान मुठींएवढा. हात लावला तर कोमट.