झिरियाचं उसनं पाणी

दुपारी चारला दुर्गला सुनावणी होती आणि गुंजनला तीन बाटल्या तिथं पोचवायच्या होत्या. काम एवढंच. जंगलातला जो डोंगर लोहखनिजासाठी एका कंपनीला द्यायचं चाललं होतं, त्याच्या पोटातल्या झिरियाचं, म्हणजे दगडातून पाझरणाऱ्या झऱ्याचं, ते पाणी. कंपनीच्या अहवालात लिहिलं होतं की उन्हाळ्यात तिथं थेंब नसतो. गुंजननं कालच, ऐन मे महिन्यात, तीन लिटर भरून आणलं होतं.

पोलाद कारखान्याच्या कामगारवस्तीत, कॅम्प-१ मधल्या घरात कूलर घरघरत होता. तिचे वडील, ज्यांना सगळी वस्ती भय्याजी म्हणे, दिवाणावर पडले होते. उभी नोकरी भट्टीवर काढलेला माणूस. लोह्यानंच आपल्याले जेवू घातलं, असं ते सकाळी बोलून गेले होते. जेवलात ना, मग आता ताट तरी धुवा, असं गुंजननं त्यांना ऐकवलं होतं.

निघताना तिनं पिशवी उघडली. पहिली बाटली रिकामी होती.

झाकणावरचा टेप शाबूत. टेपवरची तिची सही शाबूत. पिशवी कोरडी ठणठणीत. बाटलीच्या तळाशी चिमूटभर लाल माती.

तिनं कूलर बंद केला, तेव्हा तो आवाज कानावर आला. गटक... गटक... कुणी तहानेनं व्याकूळ होऊन पीत असावं तसा. खोलीत ओल्या लोखंडाचा वास दाटला. तिच्या डोळ्यांदेखत दुसरी बाटली बोटबोट उतरत गेली.

"भय्याजी..."

ते उठून बसले होते. "पयली ओंजळ परत सोडली होती का?"

गुंजनला चंपा आठवली, झिरिया दाखवणारी म्हातारी. तिनंही तेच बजावलं होतं. पहिली ओंजळ परत सोड. कुठं नेतेस ते पाण्याला सांग, कधी आणशील तेही सांग. गुंजन हसली होती. कॉलेजात शिकवलेली रीत वेगळी होती: बाटली तीनदा विसळायची, ते पाणी फेकायचं. तिनं ते तापल्या खडकावर फेकलं. खडकानं ते क्षणात पिऊन टाकलं, आणि चंपा मागं सरकली.

"भट्टीवर लागायच्या आधी सर्वेवाल्यांसंग त्या डोंगरावर गेलो होतो मी," भय्याजी म्हणाले. "आमच्या संगच्या फकिरानं नव्हती सोडली. भरल्या माठापाशी तहानेनं गेला तो."

दुसरी बाटली संपली. तिसरी उतरू लागली.

"सांग त्या झिरियाले. आता तरी सांग."

रागानं, लाजेनं गुंजन बाटलीवर वाकली. "दुर्गले नेऊन राहिली मी... उद्या परत आणून सोडीन."

आवाज थांबला. अर्धी बाटली उरली.

सुनावणीत ती अर्धी पुरली. मे महिन्यातलं पाणी टेबलावर पाहून साहेबांनी अहवाल बाजूला सारला. पुन्हा तपासणी होईपर्यंत परवानगी नाही, म्हणाले. गुंजननं बाटली परत घ्यायला हात पुढं केला, पण कारकून तिच्यावर लाखेची मोहर लावत होता.

"सबूत है, मॅडम. अब यहीं रहेगा."

"कब तक?"

"साल, दो साल."

तिनं विनवलं, भांडली. कपाटाला कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी सूर्य कलला तेव्हा भय्याजी माठाजवळ उभे होते. ओठ फुटलेले, हातात पेला.

"गुंजन," ते हळूच म्हणाले, "तोंडाशी नेईपर्यंत रिकामा होऊन राहिला हा..."

तिनं पेल्यात पाहिलं. तळाशी चिमूटभर लाल माती होती. आणि माठाच्या आतून, अगदी सावकाश, कुणीतरी पीत होतं.